किळसेचे मनोरे

धरण्याच्या अकराव्या दिवशी दुपारी उत्पला मेश्राम यांची मटकीची उसळ पहिल्यांदाच परत आली. तीन भगोणी भरून गेली होती, त्यातली अडीच तशीच मांडवामागे येऊन बसली. मुलींच्या वसतिगृहाची खाणावळ तीस वर्षं चालवलेल्या बाईंना अन्न परत येण्याची सवय नव्हती. त्यांनी थोडी उसळ तळहातावर घेऊन चाखली. मीठ बरोबर होतं, तिखट बरोबर होतं. पण दुसरा घास त्यांच्याही घशाखाली उतरेना.

कस्तुरचंद पार्कच्या चारी कोपऱ्यांत पांढरे मनोरे उभे होते. केंद्राच्या जनसुविधा विभागाने ते नवव्या दिवशी आणून बसवले होते, हवा शुद्ध करण्यासाठी म्हणे. एप्रिलच्या नागपुरी उन्हात त्यांतून गार झुळूक यायची. ज्या सरकारने लोकसभेची निवडणूक ‘पुढील सूचनेपर्यंत’ पुढे ढकलली, त्याच सरकारला आपल्या घामाची एवढी काळजी का वाटावी, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. गार हवा फुकट मिळाली की आपली अक्कल चरायला जाते.

परवानगीची अट साधी होती. रोज संध्याकाळी पाचला मैदानात पाचशे माणसं भरली पाहिजेत. एक जरी कमी पडलं तरी धरणं संपलं. देशातली बाकीची धरणी याच अटीवर एकेक करून उठली होती. नागपूर तेवढं उरलं होतं, आणि ते टिकलं होतं बरंचसं उत्पलाबाईंच्या भगोण्यांवर. त्यांचा नियम एकच: एका ताटात दोघं जेवतील, आणि ती दोघं एकमेकांना अनोळखी असतील. पहिल्या आठवड्यात त्या ताटांवर भांडणं झाली, मैत्र्या झाल्या, एक सोयरीकसुद्धा जुळत आली.

बाराव्या दिवशी लोक घरून आपापलं ताट आणू लागले, तेराव्या दिवशी डबे. माणसं एकमेकांपासून हातभर सरकून बसली. शेजारच्याचं चावणं ऐकवेना, त्याचा घाम बघवेना. एक निवृत्त मास्तर ओकारी देतच उठले आणि रिक्षा करून घरी गेले. घरी पोचल्यावर तासाभरात बरं वाटायचं, म्हणजे दोष मैदानातच होता. मैदानात असं काय होतं? अन्न. आणि त्या अन्नाला हात कुणाचा? पुढचा तर्क लोकांनी न अडखळता केला. त्या दिवशी पाचला जेमतेम पाचशे सहा माणसं भरली.

चौदाव्या दिवशी दुपारी धरणे समितीचे अध्यक्ष प्राध्यापक गुणवंत डेहनकर स्वयंपाकाच्या मांडवात आले. समतेवर दोन तास न थांबता बोलणारा हा माणूस आज स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

“उत्पलाताई, जरा बोलायचं होतं.”

“बोला ना सर. बसा.” बाईंनी स्टूल पुसून पुढे केलं.

सरांनी स्टुलाकडे पाहिलं. “उभाच बरा आहे. लोकांच्या पोटाचं काहीतरी बिघडून राहिलं. समितीचं म्हणणं पडलं, स्वयंपाक काही दिवस दुसरीकडे द्यावा. धरमपेठेतल्या उपाध्येकाकू तयार आहेत. त्यांच्याकडे स्वच्छता फार.”

“अन् माह्याकडे?”

“तसं नाही हो. गैरसमज करून घेऊ नका.”

“सर, दहा दिवस तुमी मागून मागून खाल्लं. आज ते कायनं बाटलं?”

सरांचा चेहराच बोलत होता. नाक किंचित वर, ओठाचा एक कोपरा खाली. बाईंनी तो चेहरा ओळखला. त्यांच्या आजीने तो जन्मभर पाहिला होता, आईने पाहिला होता, आणि खाणावळीतल्या पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतःही. त्याची त्यांना इतकी शिसारी आली की तोंडातली थुंकी त्यांनी बळेच गिळली.

“मळमळ मलेबी होऊन राहिली, सर,” त्या म्हणाल्या. “मी काय माहाच विटाळ धरू?”

मांडवाच्या खांबाशी ध्वनिक्षेपक सांभाळणारा रिझवान तारा गुंडाळत बसला होता. बाईंचं ते वाक्य ऐकून त्याचे हात थांबले.

“ताई, तुमालेबी होते? मग एक सांगतो. पाच दिवसांपासून माईक बंद असला तरी भोंग्याचा पडदा थरथरून राहिला. आवाज मात्र काहीच नाही. मले वाटलं, माझ्या यंत्रातच बिघाड आहे.”

“थरथरते तर दाखव.”

रिझवानने शाहिरांचा डफ आडवा धरला आणि बाईंकडून मूठभर रवा घेऊन कातड्यावर पसरला. दाणे टुणटुण उड्या मारू लागले. तो मनोऱ्याकडे चालत गेला तसे ते आणखी उंच उडाले. मैदानाबाहेर रस्त्याच्या पलीकडे गेल्यावर मात्र निपचित पडले. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“अवश्राव्य ध्वनी,” तो म्हणाला. “इतका जाडा की कानाले आयकू येत नाही. पण मेंदूपासून पोटात उतरणारी एक चेता असते, तिले तो हलवते. माणसाले किळस येते. कशाची, ते त्याचं त्यानं ठरवायचं.”

तोवर चार वाजून गेले होते आणि मैदानात साडेतीनशेही माणसं उरली नव्हती. रिझवान डफ घेऊन थेट मंचावर चढला. उडणारे दाणे सगळ्यांनी पाहिले, मोबाइलवरून घरोघरी पोचले. मग कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही. लोकांनी चारी मनोऱ्यांच्या तारा उपटल्या. पाच-दहा मिनिटांत मळमळ ओसरू लागली, माणसं मोठमोठे श्वास घेऊ लागली. घरी गेलेले धावत परत आले. ओकारी देत गेलेले मास्तरही आले. पाच वाजता सहाशे बारा माणसं भरली. घोषणांनी मैदान दणाणलं.

डेहनकर सर गर्दीतून वाट काढत, हात जोडून उत्पलाबाईंपुढे आले. त्यांचे डोळे भरले होते. ते अश्रू खोटे नव्हते, आणि बाईंना त्याचाच जास्त राग आला.

“ताई, त्या यंत्रानं आमची मती फिरवली हो. माणसामाणसांत किळस पेरणारं हे कसलं सरकार! झालं गेलं विसरा. भगोणी चढवा. सगळे वाट बघून राहिले.”

बाई मंचासमोरच्या सतरंजीवर पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

“मोजणीत मले धरा. उद्याबी धरा, परवाबी. निवडणुकीची तारीख मिळाल्याबिगर मी इथून हलत नाही. भगोणी मात्र तुमी चढवा.”

“पण ताई, चूक आमची नव्हती. यंत्र…”

“यंत्रानं मळमळ दिली, सर. सगळ्याइले सारखी, माह्यासकट. त्याले माही जात कुठं ठाऊक होती?” बाईंनी मागच्या रांगांकडे पाहिलं. “मग पहिलं माहंच नाव कसं घेतलं तुमी?”