दादांना विचारल्याशिवाय

पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नसतं, म्हणून सुनीतीनं जुनं घ्यायचं ठरवलं. सगळं इथूनच सुरू झालं.

वस्तू तरी केवढी? कंगव्याएवढी. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची रॅमची एक पट्टी. पण तो कॉम्प्युटर साधा नव्हता. तो दादांचा होता.

दादा म्हणजे सुनीतीचे सासरे, दिनानाथ. पावणे गावातल्या एका कारखान्यात आलेला माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला. ट्रकमधून उतरलेली प्रत्येक वस्तू ते उजेडाकडे धरून फिरवून बघत. पसंत पडली तर निळ्या खडूनं बरोबरची खूण करायची, नाही पडली तर फुली मारायची. फुलीचा माल दुसऱ्याच दिवशी, जिथून आला तिथं परत. रिटायर झाल्यावर तो खडू त्यांच्याबरोबर कोपरखैरण्याच्या घरी आला. मग गॅसच्या सिलिंडरवर खूण, नारळावर खूण, पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या बॉक्सवर तर त्यांच्यादेखत फुली.

"तुलासुद्धा बघायला आले तेव्हा पदरावर टिक मारून गेले होते," असं तिचा नवरा वामन चारचौघांत सांगायचा. सगळे हसायचे, सुनीतीही हसायची. पण तिला माहीत होतं की मारली नव्हती. "शिक्षण मॅट्रिक?" एवढंच विचारून दादा दोनदा खोकले होते. हं, हं. दादांचं दोनदा खोकणं म्हणजे नापसंती, हे तिला पुढं संसारात कळलं.

फंडाच्या पैशातून त्यांनी तो कॉम्प्युटर घेतला. त्यावर सुनीतीला टायपिंग करायची परवानगी होती, पण डबा उघडायची कोणालाच नव्हती. मेकॅनिक आत काय बदलून ठेवील याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. गेल्या मार्गशीर्षात दादा गेले. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून नुसता बघत राहिला. वामननं हात जोडून सांगितलं, "दादा, मी प्रमोशनची परीक्षा देतो." कावळ्यानं तोंड फिरवलं. बहुधा हे त्यानं आधी बऱ्याचदा ऐकलं असावं. दादांच्या बहिणीनं, भागीरथीआत्यांनी, गावचं घर न विकण्याचं वचन दिलं, तरी काही नाही. शेवटी उन्हानं सगळे कासावीस झाले तेव्हा सुनीती पुढं होऊन म्हणाली, "दादा, तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचा कॉम्प्युटर कोणी उघडणार नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

घरी येऊन सगळे जेवले आणि ते वचन विसरून गेले. सुनीतीसुद्धा.

आता तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. पावण्याच्या छापखान्याचे मालक हिरामणशेठ यांनी नवरात्र मंडळाची स्मरणिका जुळवायला दिली होती. "घटस्थापनेच्या आधी पानं हातात पायजेत, ताई. जमलं तर वर्षाचं काम तुमचं. नाय जमलं तर वाशीला दुकानं पुष्कळ हायत." टायपिंग तिला छान जमायचं, पण पानावर फोटो टाकला की कॉम्प्युटर जागीच थिजायचा. मंडळाच्या अध्यक्षांचं अर्धं कपाळ येऊन थांबायचा, तो पुढं सरकतच नसे.

कोपरखैरणे गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा रूपेश म्हणाला, "काकी, रॅम कमी हाय. अजून एक पट्टी टाका."

"अरे, पण पितृपक्ष आहे."

"मंग जुनी देतो ना! एका हाफिसातून निघालेली हाय. जुनी म्हंजे नवीन नाय. पितरांना पन टेन्शन नाय."

"आमच्या मशीनला चालेल ना? एकदा तपासून..."

"पिना सारख्या, खाच सारखी. बसते म्हंजे चालते, काकी."

दादा असते तर इथंच खोकले असते. पण सुनीतीच्या डोळ्यांपुढं अध्यक्षांचं अर्धं कपाळ होतं. तिनं पट्टी रुमालात बांधली.

संध्याकाळी वामन सेकंड शिफ्टला गेला होता. बाहेर आभाळ खाली आलं होतं. खाडीवरून चिखलाचा वास येत होता, आणि त्यात कारखान्यांचा तो नेहमीचा, घशाला लागणारा वास मिसळला होता. देवापाशी दिवा लावून सुनीतीनं कॉम्प्युटरवरचा क्रोशाचा रुमाल काढला, प्लग काढला आणि एकेक स्क्रू सोडवला. झाकण निघालं...

आतून तपकिरीचा वास आला.

दादा तपकीर ओढायचे. पण डबा तर कधी उघडलेला नव्हता. सुनीतीला शिंका आली, तिनं पदरानं नाक पुसलं आणि स्वतःशी म्हणाली, धूळ असेल. मूळच्या पट्टीशेजारी आणलेली पट्टी टक् करून बसली. तिनं प्लग लावला, बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. घरात काही आवाज नव्हता. देवापाशी वात तेवढी तडतडली. मग डब्यातून अगदी स्पष्ट, थोडा घोगरा आवाज आला.

हं. हं.

मशीनमध्ये बिघाड असला की पीं पीं वाजतं, हे तिला ठाऊक होतं. पण हे पीं पीं घशातून आल्यासारखं होतं. तिनं पट्टी काढून पुसली, पुन्हा लावली. हं, हं. तिसऱ्यांदा तर तिचं बोट बटणाला पुरतं टेकलंही नव्हतं.

तिनं खालच्या पीसीओतून रूपेशला बोलावून घेतलं. तो शीळ घालत आला, बाह्या सरसावल्या, "तुमी बाजूला व्हा" म्हणाला आणि बटण दाबलं. हं, हं. शीळ थांबली. त्यानं पट्टी उपसून काढली आणि दिव्याखाली धरली.

"काकी, ही फुली कशाला मारली? आता मी ज्याची त्याला परत कशी देऊ?"

पट्टीवर निळ्या खडूची फुली होती.

"मी नाही मारली... तू?"

"मी कशाला मारीन?" रूपेशचा आवाज एकदम खाली आला. "घरात खडू कोनाकडं असतो?"

"सासऱ्यांकडं असायचा."

"ते कुठं हायत?"

सुनीतीनं भिंतीकडं बोट दाखवलं. फोटोतले दादा, चंदनाच्या हाराआडून, रूपेशच्या हातातल्या पट्टीकडंच बघत होते.

"काकी, मी उद्या येतो," रूपेश म्हणाला. "नको... तुमीच या." आणि तो गेला. चपला राहिल्या, स्क्रूड्रायव्हर राहिला. जिन्यावरून अनवाणी पावलांचा आवाज तेवढा खालपर्यंत ऐकू आला.

सुनीती खुर्चीत बसून राहिली. पंखा बंद असूनही दादांच्या फोटोचा हार हलत होता. तो हलताना बघून तिला खाडीकाठचा तो दहावा आठवला, भिंतीवरचा कावळा आठवला, स्वतःचं वाक्य आठवलं.

"दादा, चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "विचारायचं राहिलं. पण हे काम गेलं तर पुन्हा कोणी देणार नाही हो मला..."

उत्तर आलं नाही. पण खोकलाही आला नाही. तिला जरा धीर आला. तिनं डब्यातली मूळची पट्टी काढली आणि दादा धरायचे तशी दिव्याकडं धरली. मग दुसरी धरली. दोन्ही दिसायला बहिणीबहिणी. लांबी सारखी, खाच सारखी. पण दादांच्या पट्टीवर काळे चौकोन नऊ होते आणि फुलीच्या पट्टीवर आठ.

दुसऱ्या दिवशी ती डब्यातली मूळची पट्टी नमुन्याला घेऊनच दुकानात गेली. रूपेशनं ती कागदात धरून बघितली.

"हा नववा कशाला असतो रे?"

"तो बाकीच्या आठांवर लक्ष ठेवतो, काकी. कुठं जरा चुकलं का मशीन बंद करून टाकतो. काही मशीनला तो नसला तर चालतच नाय."

"म्हणजे दादाच," सुनीती म्हणाली.

रूपेश हसला नाही. त्यानं निमूटपणे आपला सगळा खोका उलटा केला. दोघांनी मिळून नऊ चौकोनांची पट्टी शोधली, पिना कुठल्या रंगाच्या ते पाहिलं, वरचे आकडे जुळवले. सुनीतीनं ती उजेडाकडं धरून तीनतीनदा फिरवली, तेव्हा कुठं ती तिच्या पसंतीला उतरली.

दुपारी तिनं खिडकीत दहीभात ठेवला आणि शेजारी स्वच्छ फडक्यावर पट्टी. हात जोडले. "दादा, नऊ आहेत. पिना, आकडे, सगळं जुळवलंय. उघडू का?"

बऱ्याच वेळानं कावळा आला. भाताकडं त्यानं बघितलंही नाही. पट्टीजवळ उडी मारून एका डोळ्यानं न्याहाळली, मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं न्याहाळली. मग कावळ्यानं भातात चोच घातली.

पट्टी बसवून तिनं बटण दाबलं तसे काळ्या पडद्यावर आकडे भरभर वाढत गेले. एकदाच, मोकळ्या गळ्यानं मशीन वाजलं. अध्यक्षांचं कपाळ आलं, नाक आलं, मिशा आल्या, खाली सही आली.

अमावास्येच्या आधीच पानं छापखान्यात पोचली. हिरामणशेठनी चष्मा लावून पानन् पान बघितलं आणि म्हणाले, "दिवाळीचं काम पन तुमीच करा, ताई."

त्या संध्याकाळी घरी असलेल्या वामनला तिनं सगळी हकीकत सांगितली. तो पोट धरून हसला. "कावळा पास करतो म्हणे! अगं, दादांनी पास केली असती तर पट्टीवर टिक नसती का? थांब, उघडून बघतो."

"अहो, आधी विचारा तरी..."

"माझ्याच बापाला काय विचारायचं?" त्यानं प्लग खेचून काढला आणि झाकण उघडलं.

आतल्या पट्टीवर काही नव्हतं. पट्टी कोरी होती. "बघ!" वामन म्हणाला आणि वळला, तशी त्याची नजर तिच्या खांद्यावर गेली. "सुनीती... तुझ्या पदरावर काय लागलंय?"

तिनं पदर पुढं ओढला. निळ्या खडूची बरोबरची खूण होती. एका झटक्यात मारलेली, शेपूट वर गेलेलं. त्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, आणि आज. सुनीतीचे डोळे भरून आले.

"तूच मारून घेतलीस," म्हणत वामन हसत पाणी प्यायला आत वळला. आणि सुनीतीचे डोळे तसेच कोरडे झाले.

त्याच्या बनियनवर, पाठीच्या मधोमध, जिथं माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही तिथं, निळी फुली होती.

तिनं धावत जाऊन तळव्यानं पुसली. पदरानं पुसली. मग बोट ओलं करून घासली. फुली जराही फिकी होईना. फुलीचा माल दादा दुसऱ्याच दिवशी, जिथून आला तिथं...

"काय करतेयस गं पाठीला?"

"काही नाही... धूळ," ती म्हणाली. "अहो, आत्ताच्या आत्ता दादांसमोर हात जोडा. प्रमोशनच्या परीक्षेचं खरंच मनावर घेतो म्हणा."

"काहीतरीच तुझं! कोण ऐकतंय इथं?"

टेबलावर झाकण काढलेला, प्लग ओढलेला डबा उघडा पडला होता. त्यातून तपकिरीचा वास आला, आणि कोणीतरी सावकाश, दोनदा खोकलं.