धरलंय

उद्या तू एकट्यानेच गाडीच्या ब्रेकची हवा काढणार आहेस, असं मघाशी जेवताना म्हणालास ना? मोबाइलवर बघून बघून. बरं. गाडी तुझी, हात तुझे, आम्ही कोण सांगणार! पण आधी एक गोष्ट ऐक. तूही ये गं, दाराशी घुटमळू नकोस, आत येऊन बस. आणि भुताची आहे का म्हणून आधीच विचारू नका. झाली तशी सांगतो, मग काय नाव ठेवायचं ते ठेवा.

माझ्या सीटा शिवायच्या दुकानाला लागून ते गॅरेज आहे, तुम्ही पाहिलंय. मधे एकच भिंत. दोघे भाऊ होते तिथे. थोरला मिस्तरी आणि धाकटा मिस्तरी. थोरला काटक आणि कमी बोलणारा. धाकटा पोट सुटलेला, आणि बोलायला लागला की घड्याळाने लाजावं. थोरला चार वर्षांपूर्वी गेला. गॅरेजातच, कामावर असताना, एका व्हॅनच्या सीटवर बसल्या बसल्या. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर धाकटा एकटाच काम करायचा. बोलणंही कमी झालं त्याचं. मला वाटायचं, भाऊ गेला, माणूस गप्प होणारच.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख. शुक्रवार. संध्याकाळी सातला मी एक मागची सीट हातगाडीवर घालून त्याच्याकडे पोचवायला गेलो. एका दातांच्या डॉक्टरांची जुनी गाडी होती. त्यांच्या वडिलांनी घेतलेली, साठ वर्षांची. दिसायला नवरीसारखी, पण थांबायच्या नावाने बोंब. चारही चाकांना ड्रम ब्रेक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ब्रेक बदला, नाहीतर मी या गाडीत बसणार नाही. म्हणून धाकट्याने ड्रम काढून चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवायला घेतले होते. ड्रममध्ये ब्रेक आतून फाकतो आणि भांड्याला घासतो. डिस्कमध्ये चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडचा चिमटा बसतो. एवढाच फरक, पण उतारावर तोच फरक जीव वाचवतो.

गाडी खड्ड्यावर उभी होती, खालून काम करायचा खड्डा असतो तो. सगळं बसवून झालं होतं, राहिली होती फक्त हवा काढायची. नवीन नळ्या म्हणजे आत सगळी हवाच. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही, आणि ते काम दोघांचं. एक जण वर बसून ब्रेकचं पेडल दाबतो. दुसरा खाली चाकापाशी. खालचा म्हणतो, "दाब, दाब, दाब... धर!" वरचा पाय दाबून ठेवतो आणि म्हणतो, "धरलंय." मग खालचा स्क्रू उघडतो, तेलाबरोबर बुडबुडे निघतात, स्क्रू आवळतो आणि म्हणतो, "बंद. सोड." तेव्हाच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. थोरल्याचा नियमच होता, बाहेर आग लागली तरी 'सोड' ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

मी म्हटलं, "चल, मी बसतो पेडलवर. अर्ध्या तासाचं काम."

धाकटा एकदम म्हणाला, "नको, शेठ. या गॅरेजात आता पेडलवर कोणी बसत नाही."

"मग एकटा कसा करणार?"

"काठी लावतो."

म्हणजे पेडल दाबायचं, सीट आणि पेडलच्या मधे काठी अडकवायची, खाली उतरायचं, स्क्रू उघडायचा, आवळायचा, परत वर. एका चाकाला दहा-दहा फेऱ्या. मी म्हटलं, वेडा आहेस. आणि घरी निघून आलो. घरी जेवण वाट पाहत होतं. आता वाटतं, हट्टाने बसायला हवं होतं मी. अजून वाटतं.

पुढचं सगळं मला त्यानेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी.

तीन चाकं झाली तेव्हा रात्रीचे अकराला दहा कमी होते. थंडी होती म्हणून त्याने शटर आतून ओढून घेतलं होतं. मोबाइल टेबलावर चार्जिंगला. खड्ड्याच्या पायऱ्या शटरच्या बाजूला, गाडीच्या मागच्या टोकाशी. हँडब्रेकची तार अजून जोडली नव्हती. चाकं फिरवून बघायची होती म्हणून गाडी गिअरमध्येही नव्हती. चाकांमागे लाकडी ठोकळे, तेवढ्यावर गाडी उभी. आणि जमिनीला शटरकडे थोडा उतार, धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून.

चौथ्या चाकासाठी तो खाली उतरला. खाली गेल्यावर बघतो तर काठी हातातच! पेडलला लावायचीच विसरला. इतका दमला होता. स्वतःलाच एक शिवी हासडून तो परत फिरला, आणि त्याच वेळी सांडलेल्या तेलावरून ठोकळे सरकले.

गाडी निघाली.

उतार लहान, पण गाडी जड. त्याच्या डोक्यावरून ती मागे सरकायला लागली. पायऱ्या झाकल्या गेल्या. तो खाली वाकला, आणि आयुष्यभराच्या सवयीने तोंडातून निघालं ते एकच...

"धर!"

गाडी जागच्या जागी थांबली.

आणि वरून आवाज आला.

"धरलंय."

...

काय? हो, एकटाच होता. सांगितलं ना, शटर बंद होतं. काठी? काठी त्याच्या हातात, खाली खड्ड्यात. मधे बोलू नकोस.

तो म्हणाला, पहिला क्षणभर मला बरंच वाटलं, शेठ. आवाज इतका ओळखीचा होता की भीती वाटायला वेळ लागला. मग वाटली.

त्याने बाहेर पडायचं बघितलं. पायऱ्यांवर गाडीचं मागचं टोक. पुढच्या बाजूला इंजिन. या टोकापासून त्या टोकापर्यंत खड्ड्यावर गाडीचं झाकण बसलं होतं. बाजूने मांजर निघेल एवढी फट. त्याचं पोट तुम्हाला माहीत आहे. त्याने डोकं घातलं, खांदा अडकला, कसाबसा मागे ओढून घेतला. मग पाय भिंतीला लावले, पाठ अ‍ॅक्सलला लावली आणि जोर केला. दोन हात सरकली असती तरी पुढून वाट झाली असती. उतार होता, सरकायला हवी होती. सरकेना. चार चकत्या, चार चिमटे, घट्ट. असे ब्रेक आपण जन्मात बसवले नव्हते, तो म्हणाला. हे सांगताना हसला, आणि मला ते हसणं बघवेना.

तेवढ्यात वास आला.

पेट्रोल. हिसक्याने पेट्रोलची कुठलीतरी नळी निसटली होती. थेंब... थेंब... खड्ड्यातच. पेट्रोलची वाफ वर जात नाही रे, खाली साठते. अशा खड्ड्यात माणूस आधी पेंगतो. मग पडतो. मग उठत नाही. आणि त्याच्या हातात तारेचा दिवा, गरम बल्बचा. त्याने तो आधी विझवला.

काळोख झाला. पण पुरता नाही.

शटर लाल दिसत होतं. फटीतून. गाडीचे मागचे दिवे लागले होते, ब्रेकचे.

म्हणजे पेडल दाबलेलं होतं.

त्याने हाका मारल्या. रस्त्याला, मला, देवाला. त्या भागात रात्री कुत्रंसुद्धा नसतं. घसा बसला. डोकं जड झालं. मग तो कान देऊन ऐकत राहिला. वर सीटची स्प्रिंग कुरकुरली. बसलेला माणूस जरा सावरून बसतो ना... तशी.

तो हळूच म्हणाला, "कोण आहे?"

काही नाही.

"कोण बसलंय वर?"

काही नाही. थेंब... थेंब...

"सोड."

काही नाही. लाल उजेड तसाच.

तेव्हा त्याला आठवलं की नुसतं 'सोड' चालत नाही. आधी 'बंद' म्हणायचं. स्क्रू बंद केला, हे सांगायचं. त्याशिवाय वरचा पाय उचलत नाही. त्याने तोंड उघडलं. आणि शब्द फुटेना. 

का, ते ऐका. चार वर्षं त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

थोरला गेला त्या दिवशी दोघे त्या व्हॅनची हवा काढत होते. थोरला वर, धाकटा खाली. धाकटा म्हणाला, "धर." थोरला म्हणाला, "धरलंय." धाकट्याने स्क्रू उघडला, आवळला, आणि तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी हाक मारली. ओळखीचा माणूस. धाकटा उठून गेला. पाच मिनिटं म्हणून गेला आणि बोलत उभा राहिला. पाऊण तास. परत आला तेव्हा थोरला तसाच बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. पाय पेडलवर, दाबलेला. थंड.

'सोड' म्हणायचं राहून गेलं होतं.

कोणी त्याला बोल लावला नाही. कोणाला माहीतच नव्हतं. त्यामुळे त्याने स्वतःच स्वतःला चार वर्षं कोंडून घेतलं होतं, तो खड्डा त्या एका रात्रीचा नव्हताच. तेव्हा सांगतो, मला त्याची भीती नाही वाटली रे ऐकताना. दया आली. 

खड्ड्यात आता तो बसला होता. उभं राहवत नव्हतं. डोळे मिटत होते. आणि वरून आवाज आला. मघापेक्षा बारीक.

"धरलंय..."

 मग...

"पाय भरून आलाय रे."

धाकटा तिथेच फुटला. म्हणाला, लहान मुलासारखा रडलो मी, शेठ. खालूनच बोलत सुटला. "दादा, मी फाटकाशी गप्पा मारत होतो. काही काम नव्हतं. काहीच नव्हतं, दादा. विसरलो तुला. तू हाक का नाही मारलीस? एक हाक मारायची..."



थेंब...

लाल उजेड...

तो भिंतीला धरून उठला. तोंड वर केलं. आणि कामावर म्हणतात तसं, मोठ्याने, स्पष्ट म्हणाला,

"बंद, दादा."

श्वास घेतला.

"सोड."

पेडल वर आलं. ठक्क. त्याने ऐकलं.

लाल उजेड गेला.

गाडी सावकाश मागे सरकली आणि शटरवर जाऊन धडकली. पुढच्या टोकाला हात-दोन हातांची फट मोकळी झाली. तो पायऱ्या नसलेल्या त्या टोकाला नखांनी धरून वर चढला, पोट सोलून निघालं. मागच्या लहान दाराने बाहेर पडला. गाडीत डोकावून बघितलंस का, मी विचारलं. म्हणाला, बघितलं. कोणी नव्हतं. दारं बंद, काचा वर.

सकाळी सातला मी गेलो तर तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेला. शटरला मधोमध पोक आलेला. पेट्रोलचा वास रस्त्यापर्यंत. मी मेन स्विच बंद केला, सगळी दारं उघडली, त्याला चहा पाजला, आणि त्याने हे सगळं सांगितलं. मग त्याला घरी नेऊन सोडलं. गॅरेज आठ दिवस बंद. किल्ली माझ्या खिशात होती, लक्षात ठेवा. रोज सकाळी कुलूप मी स्वतः बघत होतो.

नवव्या दिवशी तो आला. चेहरा उतरलेला, पण बरा वाटला. बोललाही जरा. नळी जोडली, हँडब्रेक जोडला, काठी लावून चौथ्या चाकाचीही हवा काढली. मला म्हणाला, "शेठ, बसा बाजूला, फाटकापर्यंत नेऊन बघू." गाडी सुरू केली, दहा पावलं नेली आणि त्याने ब्रेक दाबला.

लोखंडावर लोखंड घासतं तो आवाज आला. दात आंबले माझे.

तो उतरला. चाक काढलं. चिमटा उघडला आणि पॅड बाहेर काढून माझ्या हातावर ठेवले. शुक्रवारी दुपारी त्याने माझ्यासमोर खोक्यातून काढलेले नवेकोरे पॅड. आता नुसती पत्र्याची पट्टी उरली होती, चकतीला घासणारा मसाला नावालाही नाही. दुसरं चाक काढलं. तेच. चारही चाकांचं तेच.

मी आपला सीटा शिवणारा माणूस. मी म्हटलं, "त्या रात्री दाबून धरलं होतं इतका वेळ, त्याने झिजले असतील."

तो पॅडवरून अंगठा फिरवत राहिला.

"नाही, शेठ. उभ्या गाडीत कितीही दाबून धरा, पॅड झिजत नाही. त्याला चाक फिरावं लागतं. या आठ दिवसांत कुलपाआड ही चाकं फिरलीत, पाय ब्रेकवर असताना."