तीन चिठ्ठ्या आणि पांढरी गाडी

पांढरी गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा शाल्मलीला ती फार आवडली. सन २०५२ मधली ती विजेवर चालणारी गाडी सहा वर्षांची होती, पण दिसत होती कालच घेतल्यासारखी. आई परिचारिका होती. साखरप्याच्या चार रुग्णांना आठवड्यातून दोनदा आंबा घाटातून कोल्हापूरला डायलिसिससाठी न्यायचं होतं, म्हणून तिला ही गाडी विकत घ्यायची होती.

गाडीचे मालक शिरोडकरकाकांनी पडद्यावर मालकी-वही (गाडी कोणाकडे होती, तिचं काय काय झालं याची नोंद) दाखवली. "बघा ताई, दोनच मालक. अपघात नाही, काही नाही."

शाल्मलीचे आजोबा, म्हणजे आबा, निवृत्त शास्त्रज्ञ होते. गुप्तलिपीचं गणित हा त्यांचा विषय. ते गाडीकडे न बघता वहीच बघत बसले. प्रत्येक नोंदीखाली एक लांबलचक आकडा होता.

"हे काय हो, आबा?" शाल्मलीने विचारलं.

"मोहर. नोंदीच्या मजकुरातून गणिताने काढलेला आकडा. थांब, करूनच बघू."

त्यांनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिलीवर 'नवी घेतली'. अक्षरं पाच, म्हणून मोहर पाच. दुसरीवर 'पुरात बुडाली'. अक्षरं सहा, त्यात आधीची मोहर मिळवली की अकरा. तिसरीवर 'काकांनी घेतली'. सहा आणि अकरा, सतरा.

"आता लबाडी कर. दुसरी चिठ्ठी बदल."

शाल्मलीने 'पुरात बुडाली' खोडून 'धुतली' लिहिलं. तीन अक्षरं. मोहर अकराची आठ झाली, आणि तिसऱ्या चिठ्ठीला हात न लावताही तिची मोहर चौदा व्हायला हवी होती!

"म्हणजे मधली एक नोंद बदलली की पुढच्या सगळ्या बोंबलतात!"

"बरोबर. खरं गणित याहून खूप किचकट असतं, पण चाल हीच."

आबांनी काकांच्या वहीतल्या मोहरा संगणकावर तपासल्या. सगळ्या जुळल्या. काका हसले, आईनेही सुटकेचा निःश्वास टाकला. शाल्मली मात्र चिठ्ठ्यांकडेच बघत होती.

"आबा, लबाड माणसाने पुढचे सगळे आकडेही नव्याने लिहिले तर? सतराच्या जागी सरळ चौदा?"

आबांनी चष्मा काढला. "हाच प्रश्न आमच्या पिढीलाही पडला होता, बाळ. म्हणून वही एका माणसाकडे ठेवतच नाहीत. तीच वही परिवहन कार्यालयात, विमा कंपनीत, दुरुस्ती केंद्रात अशी अनेक ठिकाणी असते. एकाने स्वतःची बदलली, तरी बाकीच्यांची कशी बदलणार? तू विचार त्यांना."

तिने तिन्हीकडून शेवटची मोहर मागवली. तिघांचं उत्तर एकच आलं, आणि ते काकांच्या वहीतल्यापेक्षा वेगळं होतं. मग तिने परिवहन कार्यालयातली खरी वही उघडली. त्यात एक नोंद जास्त होती. गाडी दोन दिवस पुराच्या पाण्यात होती, बॅटरी धोकादायक, रस्त्यावर आणू नये.

काकांनी ती नोंद दोनदा वाचली. "मला ही वही आधीच्या मालकाने दिली हो. मी विश्वास ठेवला. माझी नातवंडं रोज या गाडीतून शाळेत जातात..." ते पायरीवर बसले.

आईने त्यांना पाणी दिलं. कुणी रागाने बोललं नाही. काकांनी गाडी परत चालवत नेली नाही. ओढून नेणारं वाहन बोलावलं आणि तक्रारही स्वतःच नोंदवली.

पंधरा दिवसांनी आईने दुसरी गाडी पसंत केली. तिच्या दाराला पोचा होता आणि वहीत सरळ लिहिलेलं होतं : खांबाला धडक, दार बदललेलं नाही, ब्रेक तपासले. सगळीकडच्या मोहरा जुळत होत्या.

"अपघात झालेली गाडी घेतेस?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"झालेलं सांगते ना ती," शाल्मलीच बोलली.

त्या सोमवारी वहीत नवी नोंद चढली. मालकाच्या जागी आईचं नाव, खाली ताजी मोहर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता चौघे रुग्ण गाडीत बसले. शाल्मलीने दार लावलं, आणि गाडी घाटाच्या दिशेने वळली.