चौथा वाडगा

फळी लाव गं, सूमेई. कालव्यावरचा वारा सरळ हाडात शिरतो. आणि जरा सरकून बसा रे, शेगडी काही एकट्याच्या बापाची नाही. दोंगझीच्या सणाची गोड दारू वर्षातून एकदाच मिळते. एकेक घोट घ्या आणि घरी पळा.

काय म्हणालीस? पळायला सांगतो आणि गोष्टही सुरू करतो? करतो. माझी दारू, माझी गोष्ट. पण ही गोष्ट नव्हे, घडलेलं आहे. आपल्या धक्क्यावरच्या आगनच्या बाबतीत घडलं. तीन वर्षांपूर्वीची अशीच दोंगझीची रात्र, वर्षातली सगळ्यांत लांब.

त्या उन्हाळ्यात त्याची बायको श्वेजुआन गेली होती. दोघं मिळून नाव चालवायची. हा वल्हं मारायचा, ती पर्यटकांना गाणी म्हणून दाखवायची. ती गेली आणि आगनचा नुसता ठोकळा झाला. रडला नाही. चहात साखरेऐवजी मीठ दिलं असतं तरी प्यायला असता. मी म्हणायचो, अरे, एकदा मोकळा हो. तर म्हणायचा, "काही वाटतच नाही दादा, रडू कशाला?" एकुलती लेक जिंगवेन दूर उत्तरेला, हार्बिनला शिकत होती. फोनवर तीच बोलायची. हा आपला हं, हं.

आता रीत तुम्हाला सांगायला नको. तरी सांगतो, कारण तुम्ही जेवणसुद्धा फोनवरून मागवणारी पोरं. दोंगझीला दुपारी पितरांची पानं मांडायची आणि नावं घेऊन त्यांना जेवायला बोलवायचं. रात्री जिवंतांची पंगत. घरातलं कुणी परगावी असेल तर त्याचाही वाडगा आणि जेवायच्या काड्या रात्रीच्या पंगतीत ठेवायच्या. दुपारचं दुपारी, रात्रीचं रात्री. त्यात गल्लत चालत नाही.

संध्याकाळी मी आगनला एक काम सांगितलं. पर्यटक बघायला येतात त्या जोडप्याच्या बागेच्या मागच्या घाटावर आपली एक नाव राहिली होती. म्हटलं, तेवढी आणून बांध आणि घरी जा. म्हणाला, "घरी काय आहे? भिंती." आणि गेला.

बाग बंद झाली होती. कंदील मालवले होते. घाटाच्या पायरीवर एक बाई पाठमोरी बसली होती. अंगात जाड कोट, डोक्याला रुमाल.

"फिरवाल का? बाग आतून नको. पाण्यावरूनच दाखवा."

"आज फेऱ्या बंद आहेत, मावशी. घरी जा, तुमच्यासाठी जेवायचे थांबले असतील."

"मी दुपारीच जेवले," बाई म्हणाली.

दुसरा कुणी तिथेच चपापला असता. आगनला त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. त्यानं नाव काठाला लावली. ती हात न धरता चढली आणि पुढच्या टोकाला जाऊन बसली. पाठमोरीच.

बागेची पांढरी भिंत शेजारून सरकत होती. वरून फांद्या वाकलेल्या. बाई इकडे तिकडे बघत होती, अगदी नव्यानं आलेल्या पर्यटकासारखी.

"आयुष्य या पाण्यावर गेलं, पण सवारी होऊन कधी बसले नाही. बरं वाटतं."

"हं."

"दुपारचा मासा खारट झाला होता."

"हं."

मग पूल दिसू लागला.

"माझ्या शेजारचा वाडगा कुणाचा होता?"

आगनचं वल्हं थांबलं.

"सशाचं चित्र असलेला. कुणाचा?"

"जिंगवेनचा..."

"दुपारी?"

त्यानं आठवून पाहिलं. वडिलांचा वाडगा मांडला. आईचा. श्वेजुआनचा. आणि हात तसाच चालत राहिला... चौथा. त्यात भात वाढला. नाव घेतलं. ये, जेवायला ये.

जिवंत पोरीला.

"...दुपारी."



नाव पुलाखाली शिरली. अंधार. पाण्याचा आवाज... तोही नाही.

"काय करून बसलास रे, आगन!"

आवाज त्यानं ओळखला. आत्ता.

नाव पलीकडे निघाली.

पुढचं टोक रिकामं.

मी धक्क्यावरच उभा होतो. तो उतरला, नाव बांधलीसुद्धा नाही. जिंगवेनला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा... मी त्याला घरी नेलं, सोबत बसलो. काय झालं ते त्यानं मला तेव्हाच सांगितलं, बातम्या वाचून दाखवाव्या तसं. मी म्हटलं, निदान तो वाडगा तरी उचल. त्याचा हात पुढे होईना.

मध्यरात्र उलटली तेव्हा फोन वाजला. जिंगवेनच होती. दवाखान्यातून.

त्याच संध्याकाळी मैत्रिणींबरोबर गोठलेली नदी बघायला गेली होती. कुणी बर्फाच्या लाद्या कापून नेल्या होत्या, तिथे वरवर पातळ पापुद्रा धरला होता. पाय पडला आणि गेली खाली. अशा ठिकाणी गेलेलं माणूस परत येत नाही, पोरांनो. बर्फाखालून वाट सापडत नाही. पण ही आली. खालून कुणी उचलून दिल्यासारखी कमरेपर्यंत बाहेर आली. मग मैत्रिणींनी ओढून घेतली.

आगननं सगळं ऐकलं. "हं," म्हणाला आणि फोन ठेवला. चेहरा कोरा.

नववर्षाला पोरगी घरी आली. बापासमोर आणि माझ्या बायकोसमोर तिनं स्वेटर काढला, आतल्या बिनबाह्यांच्या बंडीवर उभी राहिली आणि हात वर केले.

दोन्ही काखांखाली बोटांचे वळ.

लहान पोराला आपण काठावरून उचलून नावेत घेतो ना... तसे.

आगननं त्या वळांवर आपली बोटं ठेवून पाहिली. जुळेनात. वळ बारीक होते, बाईच्या हाताचे.

तेव्हा कुठे तो रडला. माझी बायको म्हणते, असा रडला की शेजारच्यांनी दारं उघडली.

डॉक्टर म्हणाले होते, आठवड्याभरात जातील.

तीन वर्षं झाली. वळ अजून आहेत.