गाळणी सुरू होण्याआधी

कल्पना करा बरं, तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात बसला आहात. बाहेर बाकावर एक पोपट शिव्या देतोय आणि आत डॉक्टरीणबाई संगणकाला शिव्या देताहेत. नेमका त्याच वेळी एक तरुण मांजराला सुई टोचून घ्यायला आला. सुई टोचून झाली, मांजर गप्प बसलं... तो मात्र रेंगाळला.

"रोज ढीगभर भंगार मेल येतात," डॉक्टरीण वैतागून म्हणाली. "आजारी कुत्र्याची मेल त्यात बुडून जाते हो!"

"भंगार मेल आपोआप बाजूला काढणारी गाळणी बसवून देतो," तो म्हणाला. त्याचं कामच ते. "पण सुरू करण्याआधी थोडं शिकावं लागेल हं."

दुसऱ्या दिवशी स्वारी हजर. मेल कुठल्या दाराने आत येते ते त्याने कागदावर काढून दाखवलं. गाळणी त्याच दाराला बसवायची. मग मेलचा माथा, म्हणजे मजकुराच्या वर दडलेली प्रवासाची नोंद, वाचायला शिकवलं. "पाठवणाऱ्याचं नाव काय, कोणीही काहीही लिहील. वाटेत उमटलेले शिक्के बघायचे."

"माणसांवरही असतात शिक्के?"

"असतात की. माझ्या हातावर मांजराचे आहेत."

ती खुदकन हसली. मग उत्साहाच्या भरात तिने गाळणीला शिकवायला नमुने म्हणून वजन घटवायच्या गोळ्यांच्या जाहिरातींसारख्या नुसत्या भंगार मेलच दाखवल्या. झालं! चाचणीत 'गोळ्या' आणि 'वजन' हे शब्द दिसताच गाळणीने एका लठ्ठ बोक्याची खरीखुरी तक्रारही भंगारात काढली.

"नुसतं वाईटच दाखवलंत, तर ती सगळ्यांवर संशय घेणार," तो हसत म्हणाला. "चांगलंही दाखवा. आणि शंका आली तरी लगेच फेकायचं नाही... बाजूला ठेवून पुन्हा बघायचं."

"तुम्ही रोज पुन्हा येता, ते त्यासाठीच का?"

तो गोरामोरा झाला.

धडे लांबतच गेले. गाळणी सुरू झाली की याचं येणं बंद — दोघांनाही कळत होतं, बोलत कोणीच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंची भाची शाळा सुटली की तिथेच यायची. एक दिवस तिला राहवेना. "काका, हे तुम्ही परवाच शिकवलंत! आणि मावशी, तुला येतं की. तूच तर मला समजावलंस." असं म्हणून तिने एंटर दाबलंसुद्धा.

गाळणी सुरू झाली. त्याने बॅग खांद्याला अडकवली. "चला, डॉक्टर. आता यायला काही..."

"थांबा. मला सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग रोज पुन्हा का विचारत होतात?"

"तुम्ही का सांगत होतात?"

"तुम्ही विचारत राहावं म्हणून..." त्याचा आवाज बारीक झाला. "तुम्ही मला फार आवडता."

"मग 'तुम्ही' कशाला म्हणतोस?" ती हळूच म्हणाली.

भाचीने दोघांकडे पाहिलं. मग गुपचूप बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि ससा मांडीवर घेऊन बसलेल्या आजोबांना म्हणाली, "थोडं थांबा हं, आजोबा. आत जे आहेत ना, त्यांचा नंबर आत्ता कुठे लागलाय!"