मागची गाडी दिसेपर्यंत

गाड्यांचं वेड पत्त्यांच्या वेडापेक्षा बरं, असं माझी आई म्हणायची. पण तेव्हा तिने आमचा ग्रुप पाहिला नव्हता. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सहाला, महाप्याच्या एका पेट्रोल पंपावर आम्ही सात-आठ गाड्या जमतो. हवा तपासायची, काचा पुसायच्या, मुलगी बघायला आल्यासारखं एकमेकांच्या गाड्यांकडे बघायचं आणि मग कुठेतरी जायचं. कुठे, ते महत्त्वाचं नाही. रस्ता महत्त्वाचा. ट्रक नसलेला, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना झाडं असलेला. शंभर किलोमीटर जाऊन पिठलं-भाकरी खायची आणि परत यायचं. घरचे याला पेट्रोल जाळणं म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

मी दिपेश म्हात्रे, शिरवण्याचा. आमच्या शेतांवर सेक्टर उभे राहिले, आमच्या वाट्याला चार भाड्याच्या खोल्या आल्या आणि मला महाप्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सची नोकरी. हे सांगायचं कारण एवढंच, की मी यंत्रांतला माणूस आहे. जे मोजता येतं तेवढंच मानतो. ऐकताना तेवढं ध्यानात असू द्या.

ग्रुपची शिस्त एकच आहे आणि राजश्री ती फार कडक पाळायला लावते. राजश्री सगळ्यात पुढे असते, कारण रस्ता तिने आधी जाऊन पाहिलेला असतो. बाकीच्यांनी लक्ष ठेवायचं ते मागच्याकडे. फाटा आला की थांबायचं, जिकडे वळायचं तिकडचा इंडिकेटर लावायचा आणि मागची गाडी दिसेपर्यंत हलायचं नाही. मागच्याने दोनदा दिवे मिचकावले की निघायचं. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, नकाशे बंद पडतात, पण या पद्धतीमुळे नऊ वर्षांत आमच्यातलं कोणी चुकलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये शिवतेज चुकला.

शिवतेज मूळचा साताऱ्याकडचा, वाढला वाशीत. वडील जोतीराम मार्केटमध्ये माथाडी होते. घरातली पहिली गाडी शिवतेजने घेतली. जुनीच, निळी, पण काय तिचे लाड. पुढे पिवळे फॉग लॅम्प बसवले होते. इंजिनाचा पट्टा मात्र सैल झाला होता, गाडी सुरू असली की चिरचिर ऐकू यायची. बदल रे बाबा, असं मी त्याला दहा वेळा सांगितलं असेल. तो हसायचा. त्या हसण्यावर रागावता यायचं नाही, म्हणून मी त्याच्या उशिरावर रागवायचो. दर दोन किलोमीटरवर याला पळसाचा फोटो काढायचा असायचा. त्या दिवशी तो सगळ्यात शेवटी होता आणि त्याच्या पुढे मी. सकाळपासून पाच फाट्यांवर मी त्याच्यासाठी थांबलो होतो.

सहावा फाटा मुरबाडच्या बराच पुढे आहे. डावा रस्ता खडबडीत, डोंगराच्या कडेने फिरून पुन्हा हायवेला लागतो. उजवा रुंद आणि गुळगुळीत. कोणीही उजवाच धरेल. पण तो जुना रस्ता आहे, पुढे एका धरणाच्या पाण्यात उतरतो. ज्या गावांना तो जायचा ती गावं आता पाण्याखाली आहेत. सूचनेचा फलक कधीच पडून गेला होता.

शिवतेजची गाडी दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढली. शिवतेज आत होता, सीटबेल्ट बांधलेला.

पोलिसांना मी सांगितलं की फाट्यावर मी पाच मिनिटं थांबलो होतो. ग्रुपला तेच सांगितलं. शिवतेजची बायको सुनयना, तिलाही तेच. खरं हे होतं की मी एक मिनिटसुद्धा थांबलो नाही. माझी बायको नमिता शेजारी बसली होती. ती म्हणाली, थांब ना. मी म्हटलं, येईल, काय लहान हाय काय तो? आणि गाडी डावीकडे घातली. नमिताने हे कुणालाच सांगितलं नाही. मलाही पुन्हा ऐकवलं नाही. फक्त त्यानंतर ती माझ्या गाडीत पुढे बसेनाशी झाली. बाजारात जायचं असलं तरी मागे बसायची. वर्षभर मला धड झोप लागली नाही, हेही सांगून टाकतो.

या मार्चमध्ये शिवतेजच्या आठवणीसाठी त्याच रस्त्याने जायचं ठरलं. सुनयनाचा मला फोन आला. मी तुमच्या गाडीत येऊ का, म्हणाली. मी हो म्हटलं, नाही कसं म्हणणार. मग तिने विचारलं की तुमची गाडी शेवटी असेल ना. मी म्हटलं, राजश्री ठरवेल. ती म्हणाली, मी बोलले आहे तिच्याशी.

सात गाड्या होत्या. आम्ही सातवे. सुनयना वाटेत फारसं बोलली नाही. मांडीवर पर्स, हातात पुरुषी घड्याळ, बहुतेक त्याचंच. पावणेबाराच्या सुमारास आम्ही फाट्याजवळ आलो. पुढच्या गाडीने माझ्यासाठी इंडिकेटर लावून ठेवला होता. मी दिवे मिचकावले, ती डावीकडे वळून गेली. आता माझ्या मागे कुणीच नव्हतं, म्हणजे थांबायचं काही कारण नव्हतं.

"थांबा," सुनयना म्हणाली. "त्या दिवशी जिथं थांबला होता तिथंच लावा गाडी. आणि पाच मिनिटं थांबा."

मी गाडी कडेला घेतली. डावा इंडिकेटर लावला. इंजिन बंद केलं. तिने घड्याळात बघितलं.

भर दुपारी रान किती गप्प होतं ते तिथे कळलं. ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. पानं हलत नव्हती. पाखरू ओरडत नव्हतं. इंडिकेटरची टिकटिक तेवढी चालू होती. माझ्या बगला भिजल्या होत्या. ही बाई माझी परीक्षा घेतेय, एवढं समजत होतं. पण बसून राहण्यापलीकडे मी काय करणार होतो?

आधी वास आला. गाळाचा, शेवाळाचा, तळ उपसताना येतो तसा. पाणी तिथून दीड किलोमीटर लांब आहे आणि वारा पडलेला होता. मग मागच्या वळणापलीकडून आवाज आला. बारीक, सतत... चिरचिर.

आरशात वळणावर ती दिसली. निळी. पिवळे दिवे लावलेली. धूळ नव्हती तिच्या मागे. माझ्या आधी सहा गाड्यांनी धुरळा उडवला होता, ही आली ती नुसती आली. माझ्या मागे पंधरा-वीस फुटांवर थांबली. बंपरखालून पाणी गळत होतं आणि खाली पडलेलं पाणी उन्हात सुकत नव्हतं. पुढच्या काचेत आभाळ दिसत होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

"तीन मिनिटं आणि वीस सेकंद," सुनयना म्हणाली.

ती माझ्याकडे बघतही नव्हती. पाच मिनिटं जर मी थांबलो असतो, तर तो मला इथेच दिसला असता. एवढा साधा हिशेब. आता तो हिशेब तिच्याही समोर होता.

"वहिनी," मी म्हटलं, "मी थांबलो नव्हतो. एक मिनिटपन नाय थांबलो."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"चार रविवार झाले. मुरबाडहून रिक्षा करून येते मी इथं. रिक्षावाला लांब उभा राहतो." तिचा आवाज अगदी सपाट होता. "बाराच्या आत हे येतात. इथं थोडं थांबतात, आणि मग उजवीकडं जातात. मी हात केला. हाका मारल्या. आडवी उभी राहिले... यांना माणूस दिसत नाही भाऊ. पुढं गाडी लागते यांना. ओळखीची."

तेव्हा मला कळलं की ती परीक्षा घ्यायला आलीच नव्हती. तिला माझी गाडी हवी होती. मला रडू आलं. इतक्या भीतीतही माणसाला रडू येतं, हे मला नवीन होतं.

आरशात पिवळे दिवे दोनदा मिचकावले.

"चला आता," ती म्हणाली. "सावकाश. त्यांना दिसत राहा."

मी डावीकडे वळलो. ती गाडीही वळली.

हायवेजवळ रेंज आली तेव्हा राजश्रीला मी फोनवर सांगितलं की वहिनींना बरं वाटत नाही, आम्ही जेवायला न थांबता घरी जातो. मग हायवे. प्रत्येक फाट्यावर मी थांबत होतो, इंडिकेटर लावत होतो, आणि सुनयना आरशात बघून म्हणत होती, "दिसतायत." मी बघायचं टाळत होतो. पण कानांना बंद करता येत नाही. गाळाचा वास एसीतूनही येत होता.

शिळफाट्याला सिग्नल लागला. रविवार असूनही तिथे कंटेनरची गर्दी होती. माझ्या मागे एक रिक्षा येऊन उभी राहिली, पण एका गाडीची जागा सोडून. त्या रिक्षाच्या मागे टेम्पो, त्याच्या मागे बस, सगळे हॉर्न वाजवत होते. रिक्षावाला मान खाली घालून बसला होता. आमच्याकडे सिग्नलला एवढी जागा कोणी सख्ख्या बापासाठी सोडत नाही. त्या रिकाम्या जागेत डांबर ओलं होतं. मी दिवा हिरवा व्हायची वाट बघत राहिलो.

महापे, मग ठाणे-बेलापूर रस्ता, मग वाशी. त्यांच्या सोसायटीत पोचलो तेव्हा चार वाजले होते. शिवतेजची पार्किंगची जागा तिने वर्षभर रिकामी ठेवली होती. कमिटीने मागितली तरी दिली नव्हती. गेटातून आत घेऊन मी त्या जागेपुढे थांबलो. ती उतरली, दार हळूच लावलं.

"तुमचे फार उपकार झाले, दिपेशभाऊ," ती म्हणाली. "माझ्या मनात आता काही नाही. तुम्ही निघा."

मी निघालो. मागून चिरचिर आली नाही. पाम बीच रस्त्याला लागल्यावर हिंमत करून आरशात बघितलं. मागे एक स्कूटर होती, तिच्यावर दोन पोरी हसत होत्या.

घरी नमिताला सगळं सांगितलं. तिला यातलं किती पटलं कोण जाणे. तिने एकच विचारलं.

"खरं सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

"मग झालं."

त्या रात्री मी झोपलो तो सकाळी आठला उठलो. मंगळवारी भाजी आणायला गेलो तेव्हा नमिता पुढे बसली. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. ती निळी गाडी आता कुठे आहे, वाशीच्या त्या पार्किंगमध्ये नक्की काय उभं आहे, याचा मी विचार करायचा नाही असं ठरवलं. आपली जबाबदारी मागच्याला घरी आणण्यापुरती. पुढे नवरा-बायकोचं ते बघतील.

गुरुवारी दुपारी सुनयनाचा फोन आला. मी सुट्टीवर होतो, जेवण होऊन आडवा झालो होतो. नमिता शेजारी मेथी निवडत बसली होती. सुनयनाच्या आवाजात थकवा नव्हता. उलट बऱ्याच दिवसांनी पोटभर बोललेल्या बाईसारखा तो मोकळा झाला होता. तिने नमिताची चौकशी केली. ती बरी आहे म्हणून मी सांगितलं. मग मुद्द्यावर आली.

"भाऊ, एक विचारायचं होतं. रागावू नका. फाट्यावर तुम्ही मला खोटं का सांगितलंत?"

"खोटं? नाय वहिनी. खरं तेच सांगितलं. मी थांबलो नव्हतो."

"पण हे म्हणतात थांबला होता."

मी उठून बसलो.

"हे म्हणतात, दिपेश थांबला होता म्हणूनच मी गेलो त्याच्या मागं. तुमचीच गाडी. नंबरसुद्धा सांगतात. गाडीत तुम्ही एकटेच होता, नमिता नव्हती शेजारी. उजवा इंडिकेटर लावला होता तुम्ही. यांनी दिवे मिचकावल्यावर तुम्ही निघालात... पाण्यापर्यंत यांच्या पुढंच होता."

नमिता मेथी निवडायची थांबली होती. कोणाचा फोन, असं तिने खुणेनं विचारलं.

"आधी तुमची गाडी आत गेली, म्हणतात," सुनयना म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, खरंच विचारायचं होतं तिला. "मागोमाग यांची. यांना बाहेर पडता आलं नाही. राग नाही त्यांचा तुमच्यावर. पण चार दिवस एकच विचारतायत मला, सारखं..."

ती बोलायची थांबली. जवळ कोणीतरी काही सांगत असावं तशी.

"तुम्ही बाहेर कसे आलात?"

मी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. पलीकडे दोघंजण उत्तराची वाट बघत होते.