येतो म्हणलास, कवा?

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मी रागात लिहितोय, मधे थांबणार नाही.

सन एकोणीसशे एकेचाळीस, वैशाख. शहर बीदर. तुम्हाला अमावस्येची रात्र पाहिजे असेल तर माफ करा, भर दुपार होती.

आमचे दाजी, म्हणजे माझ्या नलूअक्काचे यजमान मुकुंदराव, हुमनाबादला मास्तर. त्यांचं एक तत्त्व आहे. शहर बघायचं ते पायानं आणि तोंडानं. म्हणून सकाळपासून आम्ही चालत होतो आणि खात होतो. शहागंजच्या वेशीत मिरची भजी. चौबाऱ्याच्या बुरुजापाशी चुरमुऱ्यांचा सुसला. मदरशाच्या सावलीत चहा, आणि मदरसा नीट दिसावा म्हणून परत भजी.

माझ्या वहाणेचा अंगठा तुटला होता. एक पाय बीदरच्या तांबड्या मातीत भाजून निघत होता.

"दाजी, बास आता. मोटार चुकंल."

"अरे, जेवण कुठं झालंय अजून?"

मदरशामागं एक बोळ होता. दाजी वास घेत आत शिरले. मी लंगडत मागं.

आणि आवाज बंद झाले...

टांग्याच्या घुंगरांचा नाही. कावळ्याचा नाही. माझ्या फरपटणाऱ्या वहाणेचासुद्धा नाही.

फक्त एक आवाज.

थप... थप... थप...

भाकरी थापायचा.

सगळी दारं बंद. एकच उघडं. उंबऱ्यात एक बाई.

"या. जेवून जावा."

मी नाही म्हणेपर्यंत दाजी मांडी घालून बसले होते. ज्वारीची भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी. भाकरीतून वाफ निघत होती. मी चुलीकडं बघितलं...

चुलीत गार राख. तोंडावर कोळ्याचं जाळं.

बाई आमच्यासमोर बसून वाढत होती. आत मात्र थापणं चालूच होतं.

थप... थप...

मी घास उचलला नाही. भीतीनं म्हणाल तर नाही. रागानं.

दाजी ढेकर देऊन उठले. आता आपल्याकडं निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ. 'येतो' म्हणतात. त्यात आपल्याला तीन भाषा येतात हे भेटेल त्याला कळलं पाहिजे, ही दाजींची खोड.

"येतो मावशी," ते म्हणाले. मग तेच कानडीत आणि दखनीत: "होगि बर्तीनि. जाको आतूँ."

बाईनं मान वर केली.

"कवा?"

दाजी हसले. बाई हसली नाही.

"मागं एक जण असाच येतो म्हणून गेला. त्याच्या भाकऱ्या अजून थापायलेत आत." तिनं एकेक करून तीन ताटं पालथी मांडली... "तुमी तीन डाव म्हणलाव."

"मी जातो," मी म्हणालो. पायाला फोड आलेल्या माणसाकडून कुणी शिष्टाचार मागू नये.

बोळाच्या तोंडाशी काशप्पा पानवाल्याचं दुकान. त्यानं विचारलं, "आत कुणाकडं गेलताव?"

"त्या उघड्या घरात. जेवलाव चांगलं," दाजी म्हणाले.

चुन्याचं बोट काशप्पानं तसंच हवेत धरलं.

"अण्णा, तिथं घर न्हाई. नुसती भिंत हाय."

"मग भिंतीच्या हाताला चव हाय," दाजी म्हणाले.

त्याच संध्याकाळी आमच्या घरी, हळ्ळीखेडला, दाजी भरल्या ताटावरून उठले. "बोलवायल्यात," एवढंच म्हणाले. बाहेर गेले ते गेलेच. बीदरची शेवटची मोटार तर कवाच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सापडले बीदरला. त्या बोळात, भिंतीकडं तोंड करून, मांडी घालून. ओठाला पीठ. एवढी वाट, पण पायाला धुळीचा कण नव्हता...

पुढच्या आठवड्यात परत तेच. या खेपेला घरी आणलं तेव्हा त्यांनी बाळंतपणाला आलेल्या नलूअक्काकडं बघून विचारलं, "तुमी कुणाच्या, बाई?"

अक्का रडली नाही. त्यांच्या धोतराचा सोगा तिनं आपल्या पदराला बांधला.

"तीन ताटं म्हणलास, दोन झाली. एक ऱ्हायलंय," ती मला म्हणाली. "आता गेले तर माघारी यायचे न्हाईत. तू संगं होतास ना? सोडवून आण."

खरं तर मीच 'परत जाऊ' म्हणत होतो. पण सातव्या महिन्यातल्या बहिणीशी कोण वाद घालणार? मी भिंतीशी घालायचं ठरवलं.

मंत्र मला येत नाहीत. भांडता येतं. भर दुपारी बोळात उभा राहिलो आणि सुरुवात केली.

"ए बाई, मराठी कळतंय का न्हाई तुला? येतो म्हणजे येतो नव्हं. येतो म्हणजे जातो. सगळा मुलूख असाच बोलतोय. आमच्या माणसानं जातो म्हणलंय. कामून बोलवायलीस? पोटुशी बाई पदराला नवरा बांधून बसलीय तिकडं. लाज वाटू दे."

काशप्पा दुकान उघडं टाकून पळाला.

भिंतीआड थप... थप... चालूच.

मग थापणं थांबलं...

"व्हय?" आतून आवाज आला. अगदी शांत. "येतो म्हणजे जातो?"

"व्हय."

"मग जातो म्हणजे?"

मी एक पाऊल मागं घेतलं.

"तू जातो म्हणलतास," ती म्हणाली. "अन् जेवला बी न्हाईस."

दाजी बरे आहेत. ताटं पालथी तीन होती, तिसरं त्यांच्यासाठी सुलटं झालंच नाही. अक्काला मुलगा झाला. दाजी येतात, पोटभर जेवतात, दारात उभे राहून खुशाल "येतो" म्हणतात आणि जातात. त्यांचा इतका राग येतो मला, की काय सांगू.

मी कुणाच्याही घरून निघताना काहीच बोलत नाही. गाव मला उद्धट म्हणतं. म्हणू दे.

आत्ता हे लिहिताना आई समोर बसून ज्वारी पाखडायलीय. घरात तिसरं माणूस नाही.

आणि स्वयंपाकघरातून...

आईनं सूप खाली ठेवलं.

"आत भाकऱ्या कोण थापायलंय रे? जा, बघ जरा."

"बघून..." मी म्हणालो, आणि थांबलो.

पुढं कोणता शब्द लावू?